कोरचाकांचे अनाथगृह : वॉर्सा, सप्टेंबर १९३९ ते ऑगस्ट १९४२

पोलिश कादंबरीकार, बालरोगतज्ज्ञ आणि शिक्षक यानुश कोरचाक यांच्याविषयीचे बहुतेक लेखन ऑगस्ट १९४२ मधल्या एका सकाळी सुरू होते आणि तिथेच संपते : सुमारे दोनशे अनाथ ज्यू मुले, त्यांच्यापुढे चालणारे वृद्ध डॉक्टर आणि नाझींच्या मृत्यूछावणीकडे जाणारे मालगाडीचे डबे. त्या सकाळीचे महत्त्व कमी करण्याचे काहीच कारण नाही. मात्र नजर फक्त तिच्यावरच ठेवली, तर त्याआधीची तीन वर्षे कोरचाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपासमार, टायफस आणि लष्करी अंमल यांच्या कचाट्यात एक संस्था कशी चालती ठेवली, हा अभ्यासाचा खरा भाग झाकला जातो. प्रस्तुत प्रकरणात तोच भाग पुढे ठेवला आहे. शेवटच्या दिवशी कोरचाकांनी मुलांसोबत जाण्याचा म्हणून काही नवा निर्णय घेतला असे मला वाटत नाही. तो निर्णय ती तीन वर्षे रोजच्या कामातून घेतला जातच होता, आणि ते काम नीट पाहिले की शेवटच्या दिवसाचा उलगडा करण्यासाठी संतचरित्राची भाषा वापरावी लागत नाही.

युद्धापूर्वीची घडी

कोरचाकांचे मूळ नाव हेनरिक गोल्डश्मित. जन्म वॉर्सातील एका सुस्थितीतल्या, पोलिश संस्कृतीत मुरलेल्या ज्यू कुटुंबात २२ जुलै रोजी झाला. साल १८७८ की १८७९ हे नक्की नाही, कारण वकील असलेल्या वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नव्हती. पुढे वडिलांना मानसिक आजार जडला, त्यातच ते वारले, आणि विद्यार्थीदशेतल्या हेनरिकवर शिकवण्या करून घराला हातभार लावण्याची वेळ आली. १८९८ मध्ये एका साहित्यस्पर्धेसाठी त्यांनी ‘यानुश कोरचाक’ हे टोपणनाव घेतले आणि तेच जन्मभर टिकले. वॉर्सा विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी तिथल्या बेरसोन आणि बाउमन बाल रुग्णालयात काम केले, रशिया-जपान युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून मांचुरियापर्यंत जाऊन आले, आणि कादंबरीकार म्हणून नाव होत असतानाच १९१२ मध्ये क्रोख्माल्ना रस्त्यावरील ९२ क्रमांकाच्या नव्या इमारतीत ज्यू अनाथ मुलांच्या गृहाचे संचालक झाले.

त्या घरात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही तक्रार नसेल त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. कायद्याच्या संहितेतली पहिली नव्याण्णव कलमे या ना त्या प्रकारे माफी देणारी होती. कडक कलमे शंभराच्या पुढे सुरू होत आणि घरातून काढून टाकण्याची शिक्षा हजाराव्या कलमात होती. मोठ्या माणसांनाही या न्यायालयात खेचता येत असे. सहा महिन्यांत पाच वेळा आपण स्वतःविरुद्ध तक्रार गुदरली, असे कोरचाकांनी लिहून ठेवले आहे : एका मुलाचा कान धरला, एकाला झोपण्याच्या खोलीतून बाहेर काढले, एकाला कोपऱ्यात उभे केले, एका न्यायाधीशाचा अपमान केला आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला. शिक्षणशास्त्रातले प्रयोग कागदावर पुष्कळ सापडतात. संचालकाने आरोपीच्या जागी उभे राहण्याची तयारी दाखवलेली उदाहरणे फार थोडी.

या घराचा रोजचा कारभार स्तेफानिया विल्चिन्स्का यांच्या हाती होता. बेल्जियममधील लिएज येथे शिकलेल्या या बाईंनी तीस वर्षे भांडी, कपडे, शाळेच्या वेळा, आजारपणे आणि भांडणे सांभाळली, आणि कोरचाक पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना हे घर एकट्याने चालवले. कोरचाकांच्या नावापुढे त्यांचे नाव नेहमी दुसऱ्या ओळीत येते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण पुढे ज्यूंच्या बंदिस्त वस्तीतही घर उभे राहिले ते बऱ्याच अंशी त्यांच्या शिस्तीवर.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कोरचाक देशभर माहीत झाले. सिंहासनावर बसलेल्या आणि मुलांची संसद भरवणाऱ्या बालराजाची, म्हणजे ‘राजा माच्युश पहिला’ची कादंबरी १९२३ च्या सुमारास आली. १९२६ पासून ते मुलांनीच लिहिलेले एक साप्ताहिक पुरवणीरूपाने काढू लागले. तिचा शेवटचा अंक शुक्रवार, १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे जर्मनीने पोलंडवर हल्ला केला त्याच दिवशी निघाला. रेडिओवर ते ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने बोलत. ज्यू माणसाचे नाव उघडपणे घेणे रेडिओला अडचणीचे वाटत होते, म्हणून हे नाव. ज्यूद्वेष वाढत गेला तसा तो कार्यक्रमही १९३६ मध्ये बंद करण्यात आला.

बटाट्यांची गाडी

सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्सावर बॉम्ब पडत असताना साठीच्या कोरचाकांनी जुना पोलिश लष्करी गणवेश अंगावर चढवला, रेडिओवरून लोकांना धीर दिला आणि शहर पडल्यानंतरही तो गणवेश उतरवला नाही. डिसेंबरपासून ज्यूंना दंडावर ताऱ्याचे चिन्ह असलेली पट्टी बांधणे सक्तीचे झाले. ती त्यांनी बांधली नाही. इथे एक वाद घालता येतो. संस्थाचालकाने आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलांना धोका होईल असा हट्ट करावा का? हा आक्षेप पुढच्या प्रसंगात खराही ठरतो.

१९४० च्या उन्हाळ्यात मुलांना शहराबाहेर गोत्स्वावेक येथील शिबिरात नेता आले. पण ऑक्टोबरमध्ये ज्यूंच्या बंदिस्त वस्तीचा हुकूम निघाला आणि १६ नोव्हेंबरला भिंती बंद झाल्या. क्रोख्माल्नावरची इमारत भिंतीबाहेर राहत असल्याने ती सोडून ख्वोद्ना रस्त्यावरच्या एका शाळेत बिऱ्हाड हलवावे लागले. स्थलांतराच्या वेळी मुलांसाठी आणलेली बटाट्यांची गाडी पहाऱ्यावरच्या जर्मनांनी जप्त केली. कोरचाक त्याच गणवेशात, दंडावर पट्टी न बांधता, जर्मन कचेरीत तक्रार घेऊन गेले. त्यांची जर्मन भाषा उत्तम होती. समोरच्या अधिकाऱ्याला आधी वाटले की हा कुणी पोलिश डॉक्टर ज्यू मुलांसाठी उगाच धडपडतो आहे. आपण स्वतः ज्यू असल्याचे त्यांनी सांगितल्यावर पट्टी कुठे आहे असा प्रश्न आला, मारहाण झाली आणि त्यांची रवानगी पाव्याक तुरुंगात झाली. काही आठवड्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या खटपटीने आणि पैशांच्या बळावर ते बाहेर आले तेव्हा त्यांची तब्येत कायमची खालावली होती. बटाटे काही परत मिळाले नाहीत.

त्या काळात घर विल्चिन्स्का यांनी चालवले. मुख्य माणूस नसतानाही संस्था थांबली नाही, हे या प्रसंगातून लक्षात घेण्यासारखे आहे.

श्येन्ना रस्त्यावरचे घर

सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर जागेत चार लाखांहून अधिक माणसे कोंडलेली होती. वॉर्सातील ज्यूंना मिळणारे अधिकृत शिधापत्रिकेवरचे अन्न १९४१ मध्ये दिवसाला दोनशे कॅलरीही भरत नव्हते. जगायचे तर चोरटा माल, दान किंवा भीक यांवर. १९४० ची अखेर ते १९४२ चा मध्य या काळात वस्तीत भूक आणि रोगराईने सुमारे ऐंशी हजार माणसे मेली. अशा ठिकाणी अनाथगृह चालवणे म्हणजे मुख्यतः अन्न मिळवणे होते. पाय सुजलेले, हृदय थकलेले कोरचाक खांद्यावर पोते टाकून जिने चढत-उतरत, जर्मनांनी वस्तीचा कारभार पाहायला नेमलेल्या ज्यू परिषदेच्या कचेरीत हुज्जत घालत, चोरट्या व्यापारावर श्रीमंत झालेल्यांच्या दारात उभे राहत आणि रिकाम्या हाताने परतायला तयार नसत. त्या काळात त्यांना भेटलेल्या कित्येकांच्या आठवणीत ते तापट, कटकटे आणि लोचट म्हणून आहेत. गोड स्वभावाने पोती भरत नव्हती.

ऑक्टोबर १९४१ मध्ये वस्तीच्या सीमा आणखी आक्रसल्या आणि घर पुन्हा हलवावे लागले, या वेळी श्येन्ना आणि श्लिस्का या रस्त्यांच्या मधल्या एका जुन्या क्लबच्या इमारतीत. आता मुलांची संख्या दोनशेच्या घरात गेली होती. एकाच मोठ्या दालनात जेवण, अभ्यास, खेळ आणि झोप, अशी सोय करावी लागली. तरीही न्यायालय बसत होते, मुलांची वजने नियमित घेतली जात होती, कामाच्या पाळ्या लागत होत्या, गाण्याचे आणि नाटकांचे कार्यक्रम होत होते. बाहेर शाळांवर कडक निर्बंध असताना आत शिकवणे चालू होते. कोरचाक स्वतः आजारी मुलांच्या खोलीत झोपत. आपल्या पलंगाखाली व्होडकाची बाटली आणि शेजारच्या टेबलावर काळी भाकरी व पाण्याचा तांब्या असतो, अशी नोंद त्यांनी १९४२ च्या वसंतात सुरू केलेल्या रोजनिशीत केली आहे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी केलेला एक अर्ज या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद आहे, असे माझे मत आहे. जेल्ना रस्त्यावर ३९ क्रमांकात सुमारे हजार टाकलेल्या मुलांचे सार्वजनिक आश्रयगृह होते. तिथे मुले झपाट्याने मरत होती आणि कर्मचारी मुलांच्या वाट्याचे अन्न खात होते. तिथल्या शिक्षकाची जागा मिळावी म्हणून वॉर्सातील या विख्यात माणसाने रीतसर अर्ज केला. त्यात स्वतःची थट्टा अशी की, वय चौसष्ट, प्रकृतीची परीक्षा गेल्या वर्षी तुरुंगात झाली व त्यात उत्तीर्ण, भूक लांडग्याची, झोप निष्पाप माणसाची, अलीकडेच दहा पेले कडक व्होडका पिऊन रात्री उशिरा एकटा चालत घरी आलो, रात्री दोनदा उठून मुलांची दहा मोठी मूत्रपात्रे रिकामी करतो. पगार म्हणून त्यांनी राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मागितले, आणि वेळ पडल्यास जेवणावरही पाणी सोडण्याची तयारी दाखवली. जागा त्यांना मिळाली. तिथे मात्र त्यांना फारसे यश आले नाही. कर्मचाऱ्यांची टोळी मुरलेली होती आणि मुले इतकी खंगलेली होती की औषधाने काही होत नव्हते. कोरचाकांचे हे अपयश चरित्रलेखक ओझरते सांगतात. वस्तुतः ते महत्त्वाचे आहे. श्येन्नावर चालणारी पद्धत जेल्नावर चालली नाही, कारण श्येन्नामागे तीस वर्षांची घडी होती आणि जेल्नामागे काहीच नव्हते.

रोजनिशीतले कोरचाक थकलेले, कडवट, कधी भीतिदायक आहेत. मरणासन्न अर्भकांना आणि वृद्धांना वेदनेविना संपवावे का, या विचाराशी आपण झुंजलो आणि तो खून म्हणून फेटाळला, असे ते सरळ लिहितात. रस्त्यातले एक दृश्यही त्यांनी टिपले आहे. फुटपाथवर एक मुलगा पडला आहे, जिवंत की मेलेला ते कळत नाही. तिथेच तीन मुले दोरीचे लगाम करून घोडा-घोडा खेळत आहेत. लगाम गुंतल्यावर ती चिडतात, पडलेल्या मुलाच्या अंगाला पाय लागतो, तेव्हा एक जण म्हणतो की चला, जरा पलीकडे जाऊ, हा आड येतो. ती जरा सरकतात आणि खेळ पुढे चालू ठेवतात.

डाकघर

शनिवार, १८ जुलै १९४२ रोजी श्येन्नावरच्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले. बसवले होते एस्तेर्का विनोग्रोन या तरुण सहकारी मुलीने. वैद्याने घराबाहेर पडायला बंदी केलेला, खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी आणि फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलणारा, समोर नवे डाकघर उघडल्यापासून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल आपल्याकडे ओळखीचा आहे. भिंतीआड कोंडलेल्या मुलांनी तो रंगवला तेव्हा प्रेक्षकांना वेगळे काही समजावण्याची गरज उरली नसणार. हेच नाटक का निवडले, या प्रश्नावर मुलांनी मृत्यूला शांतपणे सामोरे जायला शिकावे म्हणून, असे उत्तर कोरचाकांनी दिल्याचे सांगितले जाते. हे उत्तर नंतरच्या आठवणींतून आले आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

रोजनिशीतली प्रत्यक्ष नोंद निराळ्या सुराची आहे. प्रयोगाच्या आधी अन्नातून झालेल्या विषबाधेने घरातली मुले रात्रभर कण्हत होती. ते निस्तरून प्रयोग झाला. टाळ्या वाजल्या, हस्तांदोलने झाली, आणि एका प्रतिष्ठित बाईंनी घर पाहून उद्गार काढले की या उंदराच्या बिळातही कोरचाक चमत्कार करून दाखवतात. त्यावर त्यांची खोचक पुस्ती अशी की, म्हणूनच बहुधा इतरांना महाल देण्यात आले. मग ते एक कल्पना करतात : आज ज्याने फकीर, वैद्य किंवा राजाचा अधिकारी केला, त्याने उद्याही तीच भूमिका खरी मानून चालू ठेवली तर?

इथे महाराष्ट्राचा एक दुवा नोंदवण्याजोगा आहे. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली आणि तिथून सुटलेली पोलिश मुले त्याच उन्हाळ्यात जामनगरजवळ बालाचडीला येऊ लागली आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तिथे शाळा, चर्च, स्काउट सारे काही होते. वॉर्सातल्या भिंतीआडच्या ज्यू मुलांना असा कोणताही रस्ता नव्हता.

सुटकेचे पर्याय

नाटकानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, कोरचाकांच्या वाढदिवशीच, ‘पूर्वेकडे पुनर्वसना’चे, म्हणजे प्रत्यक्षात मृत्यूछावणीकडे रवानगीचे, हुकूम भिंतींवर लागले. रोज सहा हजार माणसे द्यायची होती. ज्यू परिषदेचे प्रमुख आदाम चेर्न्याकूव यांनी अनाथांना वगळण्याची विनंती केली. ती मान्य होत नाही हे दिसल्यावर २३ जुलैला त्यांनी विष घेतले. वरून मिळणाऱ्या संरक्षणाचा मार्ग तिथे संपला. घरात शिवणकामाची कार्यशाळा काढून मुलांना ‘उपयोगी कामगार’ ठरवून घेण्याची खटपटही झाली. लहान मुले त्यात बसणे शक्य नव्हते. पहिल्या दिवसांच्या धरपकडीत एस्तेर्काही सापडली आणि तिला सोडवण्याची कोरचाकांची धावपळ व्यर्थ गेली.

मग मुलांना भिंतीपलीकडे एकेकटे का पांगवले नाही? हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो विचारू नये असे नाही. भिंतीबाहेर कोरचाकांचे जुने सचिव इगोर नेवेर्ली आणि बिएलानी येथे अनाथगृह चालवणाऱ्या मारिया फाल्स्का यांच्यासारखी जिवाला जीव देणारी माणसे होती, आणि काही मुले लपवण्याच्या सूचना आल्याही होत्या. पण ज्यूंना आश्रय देणाऱ्या पोलिश माणसाला मृत्युदंड होता, ज्यूंना मदत करणारी ‘झेगोता’ ही भूमिगत संघटना डिसेंबर १९४२ मध्ये, म्हणजे सारे संपल्यानंतर उभी राहिली, आणि दोनशे मुलांसाठी दोनशे घरे दोन आठवड्यांत मिळवणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. राहिला प्रश्न दहा-वीस मुलांचा. तेवढी वाचवता आली असती का? कदाचित. पण मग ती कोणती, हे ठरवावे लागले असते. आणि ज्या घरात प्रत्येक मुलाला समान हक्काने न्यायालयात उभे राहता येत होते, त्या घराचा संचालक अशी निवड करायला सर्वांत नालायक माणूस होता. हा त्यांचा मोठेपणा होता की मर्यादा, यावर मतभेद होऊ शकतो. मला त्यात दोन्ही दिसतात.

स्वतःच्या सुटकेचा पर्याय मात्र खरा होता. नेवेर्ली यांनी खोट्या ओळखपत्राची सोय करून ठेवली होती आणि वेशांतर करून बाहेर काढण्याची तयारी दाखवली होती. कोरचाकांनी नकार दिला. विल्चिन्स्का यांनीही आपला पर्याय आधीच सोडला होता : १९३९ च्या वसंतात त्या पॅलेस्टाइनमधल्या एन हरोद या किबुत्झमध्ये (सामूहिक शेतवसाहतीत) सुरक्षित होत्या, आणि युद्धाची चिन्हे दिसत असताना वॉर्साला परतल्या.

५ ऑगस्ट

रोजनिशीची शेवटची नोंद ४ ऑगस्टची आहे. सकाळी खिडकीतल्या झाडांना पाणी घालताना कोरचाकांना भिंतीशी उभा असलेला बंदूकधारी जर्मन पहारेकरी दिसतो. आपले टक्कल नेमबाजीसाठी झकास निशाण आहे, मग हा नुसता पाहत का उभा आहे? युद्धाआधी हा कदाचित गावातला शिक्षक असेल. आपण त्याला मान हलवून नमस्कार केला तर तो काय करेल? इथे काय चालले आहे हे त्याला माहीतही नसेल. कालच कुठून तरी दुरून आला असेल. ज्याने जन्मभर मुलांची बाजू ऐकून घेतली त्याने पहारेकऱ्याचीही बाजू शोधून पाहिली.

दुसऱ्या दिवशी, काही साक्षींनुसार ६ तारखेला, घराला वेढा पडला. थोड्या मिनिटांत मुलांना रांगेत उभे करण्यात आले. पुढच्या गटासोबत कोरचाक, मागच्या गटासोबत विल्चिन्स्का, आणि इतर सहकारी. एकूण मुले सुमारे दोनशे. कडक उन्हात शहर ओलांडून ती स्ताव्की रस्त्यालगतच्या उमश्लागप्लाट्झ या रेल्वे यार्डापर्यंत चालत गेली. तिथे मदतकार्य करणारे नाहूम रेम्बा यांनी परिषदेकडे दाद मागून पाहण्याची विनंती केली. मुलांना एवढा वेळही एकटे सोडायला कोरचाक तयार झाले नाहीत. रेम्बा यांच्या मते ते गाडीकडे चाललेले सामान्य लोक नव्हते, तो एक मूक निषेध होता. मारेक रुद्निट्स्की या तेव्हाच्या तरुण साक्षीदाराला मात्र कसलेही भव्य दृश्य आठवत नाही. त्याला आठवतात पाय ओढत चाललेली दमलेली मुले आणि स्वतःशीच पुटपुटणारे डॉक्टर. राजा माच्युशचा हिरवा झेंडा, ऐनवेळी सुटकेचा कागद घेऊन धावलेला जर्मन अधिकारी, हे तपशील अनेक ठिकाणी आढळतात; त्यांना पक्का आधार नाही. माझा कल रुद्निट्स्की यांच्याकडे आहे. जे केले गेले ते करण्यासाठी ताठ मानेची गरज नव्हती. गाडी ट्रेब्लिंकाला गेली.

त्या दिवशी तिथे काय होते हे त्यांना नेमके ठाऊक होते, असे गृहीत धरण्यात घाई होते. ट्रेब्लिंकाची मृत्यूछावणी सुरू होऊन दोन आठवडेच झाले होते आणि खात्रीलायक बातमी वस्तीत पसरायची होती. पण चांगले काही वाट पाहत नाही, हे कोरचाकांसारख्या माणसाला कळले नसेल असे मानता येत नाही.

नोंदी आणि न्यायालय

रोजनिशी वस्तीबाहेर नेवेर्ली यांच्याकडे पोहोचली, बिएलानी येथील फाल्स्का यांच्या अनाथगृहात भिंतीत चिणून ठेवली गेली आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांच्या हक्कांविषयीचे कोरचाकांचे विचार पुढे पोलंडमार्गे संयुक्त राष्ट्रसंघात पोहोचले. बालहक्क कराराचा पहिला प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडनेच मांडला होता आणि तो करार १९८९ मध्ये मंजूर झाला.

कायद्याच्या कागदावर मात्र कोरचाक बराच काळ जिवंत राहिले. युद्धात बेपत्ता झालेल्यांबाबतच्या नियमानुसार १९५४ मध्ये एका पोलिश न्यायालयाने त्यांचा मृत्युदिनांक ९ मे १९४६ ठरवला होता, आणि त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरचा प्रताधिकार २०१६ च्या अखेरपर्यंत चालणार होता. पुस्तके सर्वांना खुली व्हावीत म्हणून एका संस्थेने दाद मागितली, आणि मार्च २०१५ मध्ये लुब्लिनच्या न्यायालयाने जुना निर्णय बदलून मृत्युदिनांक ७ ऑगस्ट १९४२ असा निश्चित केला. त्या हिशेबाने ती पुस्तके २०१३ च्या पहिल्या दिवसापासूनच सर्वांची झाली होती.